आचेविना कॉफी

कॉफी म्हटलं की आपल्याकडे आधी गॅस पेटतो. दुधात साखर आणि कॉफी घालायची, वर जायफळ किसायचं आणि उतू जायच्या आत पातेलं उतरवायचं, ही मराठी घरातली कॉफी. दाक्षिणात्य घरातल्या पितळी फिल्टरलाही कढत पाणीच लागतं. कोल्ड ब्रू या प्रकारात मात्र आच पूर्ण वगळलेली असते. भरड दळलेली कॉफी गार पाण्यात घालायची, पंधरा-सोळा तास तशीच राहू द्यायची आणि गाळून घ्यायची. कृती सांगायला एवढं पुरतं. तरीही घरी केलेला कोल्ड ब्रू बरेचदा फसतो. कधी पांचट होतो, कधी गढूळ आणि तुरट, कधी दोन दिवसांत आंबूस. आच काढून घेतली की तिचं काम वेळेकडून करून घ्यावं लागतं, आणि ते काम काय होतं हेच ठाऊक नसेल तर कृतीतला प्रत्येक आकडा अंदाजपंचे ठरतो.

आधी एक घोळ निस्तरू. पुण्यातल्या दुर्गा कॅफेमुळे प्रसिद्ध झालेली, किंवा घरी इन्स्टंट कॉफी, दूध, साखर आणि बर्फ मिक्सरमध्ये फिरवून आपण करतो ती कोल्ड कॉफी. ती उत्तम लागते, पण तिचा या प्रकरणाशी संबंध नाही. इन्स्टंट कॉफी म्हणजे कारखान्यात गरम पाण्याने आधीच काढलेला आणि मग वाळवलेला अर्क. तो पाण्यात पूर्ण विरघळतो, त्यामुळे भिजत ठेवण्यात काही हशील नाही. कडक गरम कॉफी थेट बर्फावर पाडून केलेली आइस्ड कॉफी हा आणखी वेगळा प्रकार; जपानी लोक तो फार निगुतीने करतात. तिथेही अर्क गरम पाण्यानेच निघतो, थंडावा नंतर येतो. कोल्ड ब्रूमध्ये अर्क निघतानाच पाणी गार असतं. म्हणून तयार झाल्यावर तो गरम करून प्यायला तरी चव कोल्ड ब्रूचीच राहते.

जपानमध्ये, विशेषतः क्योटोच्या नावाशी जोडलेली, काचेची उंच उपकरणं असतात. वरच्या भांड्यातून गार पाणी थेंबाथेंबाने कॉफीवर पडतं आणि काही तासांनी खाली काळाभोर अर्क जमतो. त्याला तिकडे डच कॉफी म्हणतात. घरगुती कोल्ड ब्रूचा धागा मात्र अमेरिकेतल्या टॉड सिंप्सन यांच्यापर्यंत जातो. केमिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या सिंप्सन यांनी १९६४ मध्ये गार पाण्यात कॉफी भिजवून गाळण्याचं साधं भांडं तयार केलं आणि ‘टॉडी’ या नावाने ते विकलं जाऊ लागलं. पुढची कित्येक दशकं ही पद्धत हौशी मंडळींपुरतीच राहिली. २०१५ मध्ये स्टारबक्सने अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत कोल्ड ब्रू आणला आणि त्यानंतर तो जगभरच्या कॅफेंच्या यादीत जाऊन बसला.

आता भिजवलेल्या बरणीत काय चालतं ते पाहू. भाजलेल्या कॉफीचा साधारण तीस टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो. उरलेला सत्तर टक्के हा तंतुमय सांगाडा. तो चोथा म्हणून टाकूनच द्यायचा असतो. त्या तीस टक्क्यांतलंही सगळं आपल्याला नको असतं. कॉफी चाखण्याचा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्या मते कोरड्या कॉफीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की चव जमते. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, जास्त उतरला तर कडू आणि जिभेला कोरड आणणारी. कढत पाणी हे काम चार-पाच मिनिटांत उरकतं, आणि चूकही तितक्याच झपाट्याने होते: एखादं मिनिट जास्त झालं की कडवटपणा उतरायला लागतो.

उष्णता इथे एकाच वेळी तीन कामं करत असते. पदार्थाचे रेणू वेगाने हलतात. पाण्याची विरघळवण्याची ताकद वाढते. आणि खुद्द पाणी पातळ होतं. हे तिसरं काम सहसा लक्षात येत नाही. फ्रीजमधलं ५ अंश सेल्सिअसचं पाणी उकळत्या पाण्याच्या पाचपटीहून अधिक चिकट असतं. कॉफीच्या एका भरड कणात बंदिस्त पेशींची दाटी असते. त्यांच्या भिंतींतून पाण्याने आत शिरायचं आणि विरघळलेला माल घेऊन बाहेर पडायचं. चिकट, मंद पाण्याला या प्रवासाला तास लागतात. फायदा असा, की त्यात तासभर इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. नवशिक्यासाठी याहून क्षमाशील पद्धत मला माहीत नाही.

कॅफिनबद्दलचा गैरसमज मात्र खोडून काढायलाच हवा. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम कॅफिन विरघळतं, उकळत्या पाण्यात साडेसहाशे ग्रॅमहून जास्त. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल, की गार पाण्यातल्या कॉफीत कॅफिन नावापुरतंच असणार. पण आपल्या बरणीत एवढं कॅफिन असतं कुठे? लिटरभर पाण्यात भरपूर कॉफी घातली तरी तिच्यातलं सगळं कॅफिन दीड-दोन ग्रॅमच्या पुढे जात नाही. वीस ग्रॅम सामावू शकणाऱ्या पाण्याला ते अगदीच किरकोळ. वेळ मिळाला की जवळजवळ सगळं कॅफिन गार पाण्यातही उतरतं. रात्री उशिरा ‘ही थंड आहे, हिने झोप जात नाही’ म्हणून कोल्ड ब्रूचा ग्लास रिचवणाऱ्याची झोप हमखास उडते.

मग फरक पडतो तो कशात? कॉफीतलं तेल गार पाण्याबरोबर फारसं बाहेर येत नाही. जड, कडवट पदार्थांपैकी काही मागेच राहतात. आणि सुगंध उडून जात नाही. गरम कॉफी करताना घरभर दरवळ सुटतो, तेव्हा तो पिणाऱ्याच्या वाट्यातूनच वजा होत असतो. कोल्ड ब्रूच्या बरणीला नाक लावलं तर वास बेताचाच येतो. घोट तोंडात घोळवला, तो जरा कोमट झाला, की फुलांचा, सुक्या मेव्याचा गंध घशामागून नाकात चढतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरम आणि गार पाण्यात काढलेल्या कॉफीचे नमुने एकाच तीव्रतेला आणून, सारखेच थंड करून प्रशिक्षित चाखणाऱ्यांना दिले होते. गार पाण्यातली कॉफी कमी कडू, कमी आंबट आणि अधिक फुलासारखी सुगंधी ठरली. म्हणजे पेय थंड असल्यामुळे चव सौम्य वाटते, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. फरक अर्क निघतानाच पडतो.

‘कोल्ड ब्रूने पित्त होत नाही’ हा दावाही सर्रास ऐकू येतो. फिलाडेल्फियातल्या निनी राव आणि मेगन फुलर या संशोधकांनी २०१८ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या कॉफीवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. सगळ्या नमुन्यांचा पीएच ४.८५ ते ५.१३ या पट्ट्यात आला, मग पाणी गरम असो वा गार. आम्लांचा एकूण साठा मात्र गरम कॉफीत जास्त निघाला. जिभेला सौम्यपणा जाणवतो, त्यात या साठ्याचा वाटा असावा. पण पोटाचं गणित निराळं आहे. जठरातला आम्लस्राव वाढवण्याचं काम कॅफिनही करतं, आणि ते तर इथे पुरेपूर उतरलेलं असतं. ज्यांना कॉफीने जळजळ होते त्यांनी कोल्ड ब्रू थोडा पिऊन पाहावा, सोसला तर घ्यावा. मात्र औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

याच दोघींच्या २०१७ च्या अभ्यासातली एक बाब स्वयंपाकघरात फार उपयोगी आहे. २१ ते २५ अंशांच्या पाण्यात कॉफी भिजवल्यावर कॅफिन आणि क्लोरोजेनिक आम्ल यांचं प्रमाण सुमारे ४०० मिनिटांत, म्हणजे पावणेसात तासांत, स्थिरावलं. त्यानंतर बरणीत विशेष काही वाढलं नाही. चोवीस तासांच्या कृती सगळीकडे छापल्या जातात, पण साध्या तापमानाला एवढं थांबण्याची गरज नसते. फ्रीजमध्ये हाच प्रवास लांबतो; तिथे सोळा ते अठरा तास द्यावेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात तर २०२४ मध्ये ध्वनिलहरींचा मारा करून तीन मिनिटांच्या आत असा अर्क काढून दाखवला गेला. घरी आपल्याला रात्र मोकळीच असते, त्यामुळे घाई कशाला?

हे साधं तापमान आपल्या घरात सापडतं का, हा खरा प्रश्न आहे. परदेशी कृतींत बरणी ओट्यावर ठेवायला सांगतात, कारण तिथल्या घरात विशीतलं तापमान असतं. मे महिन्यात अकोला-नागपूरच्या स्वयंपाकघरात पारा पस्तिशी-चाळिशीत असतो. मुंबईत तिशीच्या वर आणि वरून दमट हवा. खाद्यपदार्थांत जंतू वाढायला ५ ते ६० अंशांचा पट्टा अनुकूल समजतात, आणि आपला उन्हाळा त्या पट्ट्यातल्या सर्वांत सोयीच्या जागी बसतो. बिया भाजताना जंतू मरतात हे खरं. पण नंतर दळणयंत्र, चमचा, बरणी, हात आणि पाणी यांतून ते पुन्हा येतात. उकळी फुटण्याचा टप्पाच नसल्यामुळे त्यांना मारणारं पुढे काही नसतं. म्हणून माझा आग्रह असा: मार्च ते ऑक्टोबर बरणी सरळ फ्रीजमध्येच ठेवावी. पुण्या-नाशिकच्या थंडीत, रात्री ओटा विशीच्या आसपास असतो तेव्हा, झाकून आठ-नऊ तास बाहेर ठेवली तर चालते. माठातलं पाणी वापरायला हरकत नाही, पण माठातच कॉफी भिजवण्याची हौस नको. मातीच्या छिद्रांत तेल आणि वास मुरतो आणि तो माठ पुन्हा साफ होत नाही. काचेची बरणी सर्वांत बरी, नाहीतर स्टीलचा डबा.

दुसरी अडचण कॉफीचीच. आपल्याकडे ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत चिकोरी असते. कायद्याने ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते, आणि प्रमाण पुड्यावर छापावं लागतं, ते वाचावं. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ. गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची शेती होते. तिचा बराच मोठा भाग गार पाण्यातही झटपट विरघळतो. त्यामुळे ३० टक्के चिकोरीची पूड रात्रभर भिजवली तर सकाळी काळंकुट्ट, दाट आणि गुळमट कडू पाणी मिळतं, आणि कॉफीची चव त्याखाली दबून जाते. गरम दुधात हीच चिकोरी शोभते; अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये तर चिकोरी घातलेल्या थंड कॉफीची परंपराच आहे. पण कॉफी कशी लागते हे समजून घ्यायचं असेल, तर पहिली बरणी निखळ कॉफीचीच भरावी.

कॉफी घ्यायची तर कोणती? भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के रोबस्टा, बाकीची अरेबिका. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट, चव मातकट आणि भारी. कोल्ड ब्रूला अरेबिका अधिक मानवते. दूध घालूनच प्यायची असेल तर पाचवा हिस्सा रोबस्टा मिसळला की चव दुधात हरवत नाही. दुकानात ‘प्लांटेशन ए’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती धुऊन सोललेली अरेबिका समजावी. ‘चेरी’ म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. फळासकट वाळलेल्या बीत गोडवा आणि फळाचा वास मुरतो, आणि गार पाणी तो सुरेख बाहेर आणतं. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुदनगिरी आणि आंध्रमधलं अराकू खोरं इथल्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यातलं बाबाबुदनगिरी नाव ज्यांच्यावरून पडलं त्या सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधल्या मोखाहून सात बिया आणल्या आणि भारतात कॉफी रुजली, असं परंपरा सांगते. महाराष्ट्रातही कॉफी पिकते: अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, सातपुड्यात सुमारे ११०० मीटर उंचीवर. उत्पादन थोडं असतं, पण तिकडे गेल्यावर ती आवर्जून आणावी.

आंबटपणा अजिबात आवडत नसेल तर मॉन्सून्ड मलबार पाहा. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला कित्येक महिने लागत. ओलसर हवेत बिया फुगत, पिवळट पडत आणि आम्लता जाऊन चव मवाळ होई. सुएझचा मार्ग आणि वाफेची जहाजं आली, प्रवास आखूड झाला, तशी ती चव नाहीशी झाली आणि गिऱ्हाइकांना तिची उणीव भासू लागली. म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्याचे वारे मुद्दाम बियांवर खेळवले जातात. कोल्ड ब्रूमध्ये ही कॉफी शेंगदाण्याच्या अंगाने जाते. मला तिची चव जरा सपाट वाटते. पण दुधाबरोबर ती खुलते हे मान्य करायला हवं.

बिया मध्यम भाजलेल्या असाव्यात, आणि भाजल्याची तारीख महिन्याभरातली. दळण लापशीच्या रव्याइतकं भरड हवं. माटुंग्यासारख्या ठिकाणी कॉफीच्या दुकानांत समोर दळून देतात. त्यांना ‘फिल्टरसाठी नको, एकदम जाड’ असं स्पष्ट सांगावं, नाहीतर सवयीने बारीक दळून हातात ठेवतात. घरच्या मिक्सरमध्ये दळायची तर एका वेळी दोन-तीन सेकंद फिरवून, भांडं हलवून, पुन्हा फिरवावी. तरी त्यात जाड तुकडे आणि भुकटी दोन्ही निघणारच. मग मैद्याच्या चाळणीने चाळून खाली पडलेली भुकटी बाजूला काढावी. ती गरम कॉफीत जिरते. राव आणि फुलर यांना भरड आणि मध्यम दळणाच्या अर्कांत फारसा फरक आढळला नाही. तरीही मी भरडीचा आग्रह धरतो तो गाळण्यासाठी. बारीक भुकटी फडक्याची छिद्रं बुजवते, उरलेली खाली उतरून ग्लासात गाळ होऊन बसते आणि बाटलीतही तुरटपणा सोडत राहते.

पाण्याबद्दल थोडक्यात. बोअरचं जड पाणी कॉफीतली आम्लं मारून टाकतं आणि चव खडूसारखी होते. आरओचं क्षार पार काढून टाकलेलं पाणी दुसऱ्या टोकाला जातं. त्यात कॉफी पोकळ लागते. धरणाचं नळाचं पाणी साध्या फिल्टरमधून गाळलेलं असेल तर उत्तम. क्लोरीनचा वास येत असेल तर उकळून पूर्ण गार करावं.

आता प्रत्यक्ष कृती. लिटर-सव्वा लिटरची, रुंद तोंडाची काचेची बरणी कढत पाण्याने धुऊन कोरडी करा. तीत १०० ग्रॅम भरड कॉफी घाला. ८०० मिलिलिटर पाण्यातलं आधी पाव भाग पाणी ओता आणि लाकडी किंवा स्टीलच्या लांब चमच्याने ढवळा. कॉफी ताजी असेल तर ती बुडायलाच तयार नसते. भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड अजून आत असतो, तो बारीक बुडबुड्यांनी कणांना वर धरून ठेवतो आणि पाण्यावर फिकट तपकिरी, फेसाळ थर जमतो. त्या थराखाली पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं आणि त्यातून तपकिरी धारा बारीक धाग्यांसारख्या तळाकडे उतरत असतात. असंच ठेवून दिलं तर वरची कॉफी अर्धी कोरडीच राहते. पांचट कोल्ड ब्रूचं हे सर्वांत नेहमीचं कारण. म्हणून उरलेलं पाणी ओतून थर हलक्या हाताने दाबा, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा. बुडबुडे सुटले की कण जड होऊन खाली बसायला लागतात. मग झाकण लावून बरणी फ्रीजमध्ये ठेवा, आणि ठेवतानाच कांदा-लसणाचे, माशांचे डबे तिच्या शेजारून हलवा. कॉफी वास पटकन ओढून घेते.

संध्याकाळी सहाला भिजवलेली कॉफी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तयार होते. बरणी न हलवता बाहेर काढा. बहुतेक चोथा तळाशी बसलेला असतो. वरचा अर्क आधी चहाच्या गाळणीतून पातेल्यात ओता, म्हणजे मोठे कण अडतील. नंतर पातेल्यावर दुहेरी सुती फडकं, मलमल किंवा जुना मऊ पंचा, गार पाण्याने भिजवून-पिळून बांधा आणि त्यातून अर्क सावकाश गाळा. नवं कापड असेल तर आधी उकळून त्याची खळ काढावी. साबणाचा वास राहिलेलं कापड तर अख्खी बरणी वाया घालवतं. शेवटी फडक्यात चोथ्याचा गोळा उरतो आणि हात आपसूक तो पिळायला जातात. पिळू नका. नारळाचं दूध काढताना जे बरोबर, ते इथे नुकसानीचं ठरतं. दाबाबरोबर भुकटी बाहेर येते आणि मागे राहिलेला कडवटपणाही. पाच-दहा मिनिटं निथळू द्या. अगदी निवळ, चहासारखा पारदर्शक अर्क हवा असेल तर तो कागदी फिल्टरमधून आणखी एकदा काढा. कागद उरलासुरला तेलाचा अंशही अडवतो. मला स्वतःला फडक्यातून आलेला, किंचित दाट अर्क जास्त आवडतो.

ओतलेल्या ८०० पैकी साधारण ६०० मिलिलिटर हाती येतं. कॉफी आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, ते चोथ्याबरोबर जातं. कॉफीतला वीस टक्के भाग विरघळला असं धरलं, तर पाण्यात २० ग्रॅम माल उतरला आणि त्यातला १५ ग्रॅम आपल्या ६०० मिलिलिटरमध्ये आला. म्हणजे अडीच टक्क्यांचा अर्क. गरम ब्लॅक कॉफीत हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास असतं. म्हणून अर्क जितका, तितकंच पाणी किंवा दूध घालायचं. बर्फ घालणार असाल तर पाणी कमी करा, कारण वितळलेला बर्फही पाणीच. दोनशे मिलिलिटरचे सहा ग्लास होतात. हा हिशेब कळला की प्रमाण आपल्या मर्जीने बदलता येतं. १०० ग्रॅमला ५०० मिलिलिटर पाणी घातलं तर अर्क दाट होतो आणि फ्रीजमध्ये जागा कमी लागते, पण चोथ्यात वाया जाणारा वाटाही वाढतो. कॉफीचे आजचे भाव पाहता मला ते परवडण्यासारखं वाटत नाही.

कॅफिनचा हिशेबही याच रीतीने मांडता येतो. अरेबिकात सुमारे १.२ टक्के कॅफिन, म्हणजे १०० ग्रॅममध्ये १२०० मिलिग्रॅम. चोथ्यात अडकणारा चौथा हिस्सा वजा केला तर ९०० उरतं. सहा ग्लासांत वाटलं की प्रत्येकी दीडशे. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, गरोदरपणी २०० च्या आत राहावं, असं युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचं मत आहे. रोबस्टा वापरला तर हाच ग्लास पावणेतीनशेच्या घरात जातो. अर्क पाणी न घालता बाटलीतून तसाच प्यायला तर किती होईल, हे आता वेगळं सांगायला नको. घरात मुलं असतील तर बाटलीवर ‘कॉफीचा अर्क’ अशी चिठ्ठी लावावी. फ्रीजमध्ये तो कोकमाच्या सरबताशेजारी सहज खपून जातो.

गाळलेला अर्क स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतो. दूध मिसळलेला मात्र त्याच दिवशी संपवावा. वास बदलला, वर तंतू किंवा बुडबुडे दिसले तर चाखूनही पाहू नये. घट्ट बंद बाटल्या महिनोनमहिने साठवण्याचा मोह टाळावा. ४.६ पेक्षा जास्त पीएच असलेल्या आणि हवा न लागणाऱ्या पदार्थात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि कॉफीचा पीएच पाचच्या आसपास असतो. याच शंकेने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने नायट्रोजन भरलेल्या कोल्ड ब्रूचे डबे बाजारातून परत मागवले होते.

पिण्याच्या तऱ्हा अनेक. पहिला ग्लास नुसत्या पाण्यात आणि बर्फात घ्यावा, म्हणजे बियांची चव कळते. साखर गार पेयात लवकर विरघळत नाही, त्यासाठी एकास एक पाक करून ठेवावा. गुळाचा पाक तर फारच छान जातो. शहाळ्याच्या पाण्यात तिसरा हिस्सा अर्क घातला की दोहोंचा गोडवा एकमेकांत मिसळतो, वर काही घालावं लागत नाही. पोर्तुगालमध्ये थंड कॉफीत लिंबू पिळतात, त्या पेयाला माझाग्रान म्हणतात. आपल्या उन्हाळ्याला ते शोभून दिसेल.

आणि जायफळ. आपल्या कॉफीची ओळखच ती, तेव्हा ते भिजवतानाच बरणीत घालावंसं वाटतं. पण जायफळाचा सुवास तेलात आणि स्निग्धांशात उतरतो, गार पाण्यात जवळपास नाही. त्यामुळे बरणीत त्याची पूड नुसती तरंगत राहते. त्याऐवजी वाटीभर सायीचं दूध कोमट करावं, त्यात चिमूटभर जायफळ किसावं, हवी तर वेलची घालावी, आणि झाकून गार होऊ द्यावं. दुधातली स्निग्धता वास धरून ठेवते. हे दूध फ्रीजमध्ये थंड करून, गाळून, तितक्याच अर्कात मिसळलं की पातेल्यातल्या कॉफीची चव गार ग्लासात येते. अर्कात आम्ल बेताचंच असल्यामुळे थंड दूध फाटत नाही.

चोथा ओलाच कुंडीत ओतू नका. त्याचा थर घट्ट बसतो, बुरशी धरतो, आणि त्यात उरलेलं कॅफिन कोवळ्या रोपांना जाचक ठरतं. वर्तमानपत्रावर पसरून उन्हात वाळवावा आणि ओल्या कचऱ्याच्या खतात थोडाथोडा मिसळावा.